ज्योतीताई कुठे गेली?



या वेळचं संपादकीय एका मुलीच्या प्रश्नापासून सुरू करते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटाने वस्तीतल्या किशोरवयीन मुलींचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. पहिल्या रात्री जेवणं आटोपल्यावर भिंतीवर पांढरी चादर लावून 'बालक-पालक' हा सिनेमा दाखवला. तेरा ते सोळा वयाच्या तीसेक मुली, काहींच्या आया आणि आम्ही चार-पाच कार्यकर्त्या. मुली पोट धरधरून हसल्या. आयासुद्धा हसल्या, आधी पदराआड आणि मग उघडपणे. सिनेमा संपला, दिवे लावले आणि नेहमीप्रमाणे मी विचारलं, "काय वाटलं?" बऱ्याच जणी विशूबद्दल बोलल्या, त्याच्या नकला करून झाल्या. मागे भिंतीला टेकून बसलेली नववीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "ताई, पण ती ज्योतीताई कुठे गेली?"

मला उत्तर देता आलं नाही. हा सिनेमा मी त्याआधी दोनदा पाहिला होता, दोन ठिकाणी त्यावर बोललेही होते, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. तो मला का पडला नाही याचा विचार तेव्हापासून चालू आहे. तोच तुमच्यापुढे मांडते.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला 'बालक-पालक' ४ जानेवारी २०१३ ला प्रदर्शित झाला. रितेश देशमुखची निर्माता म्हणून ही पहिली मराठी कलाकृती. मूळ एकांकिका होती, तिचा सिनेमा झाला. 'बीपी' या अद्याक्षरांचा दुसरा अर्थ कोणता, हे त्या पिढीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. ऐंशीच्या दशकातली मुंबईची चाळ. अव्या, भाग्या, चिऊ आणि डॉली ही चार मुलं, दोन मुलगे आणि दोन मुली. चाळीतल्या ज्योतीताईने 'शेण खाल्लं' असं मोठी माणसं कुजबुजतात आणि ती चाळीतून जाते. शेण खाल्लं म्हणजे नेमकं काय केलं? मुलं विचारतात, मोठे गप्प बसवतात. मग मुलं विशूला गाठतात. विशू वयाने थोडा मोठा आणि 'सगळं माहीत असलेला'. त्याच्याकडून आधी पुस्तकं आणि मग व्हिडिओ कॅसेट असा त्यांचा अभ्यासक्रम सुरू होतो. या अभ्यासाने मुलांच्या एकमेकांकडे आणि आजूबाजूच्या बायकांकडे पाहण्यात जो घोटाळा होतो तो होतो, आणि शेवटी चाळीतले कदमकाका त्यांच्याशी नीट बोलतात.

सिनेमाचं जे श्रेय आहे ते आधी मोकळेपणाने द्यायला हवं. हा विषय घेऊन मराठीत विनोदी सिनेमा करणं सोपं नव्हतं. तो अश्लील न होऊ देणं त्याहून अवघड होतं. आई-वडील मुलांना घेऊन थिएटरात गेले, एकत्र हसले, घरी परतताना निदान एक वाक्य तरी बोलले असतील. आम्ही शिबिरांमध्ये तक्ते आणि आकृत्या घेऊन दहा वर्षांत जे करू शकलो नाही, ते या सिनेमाने दोन तासांत केलं. हसणाऱ्या माणसाची भीती कमी होते, हे आपल्या पथनाट्यांमधून आपल्यालाही माहीत आहे.

दुसरं श्रेय याहून महत्त्वाचं. यात मुली आहेत. मराठीत वयात येण्याच्या गोष्टी बहुतेक मुलग्यांच्या आहेत. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा 'शाळा' २०१२ साली आला. फार सुंदर सिनेमा, पण आपण पाहतो ते जोशीच्या डोळ्यांनी. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं याचा अंदाजच बांधायचा. 'टाइमपास' २०१४ चा, रवी जाधव यांचाच. तिथे दगडू प्राजक्ताच्या मागे लागतो तोच मुळी तिच्या वडिलांनी केलेल्या अपमानाचा वचपा काढायला. प्रेम पुढे खरं होतं हे कबूल, पण सुरुवातीला ती दोन पुरुषांच्या हिशेबातली एक रक्कम आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तली शालू तर जवळपास बोलतच नाही. या सगळ्या सिनेमांत मुलगी म्हणजे मुलगा जिच्याकडे पाहत पाहत मोठा होतो ती. 'बालक-पालक'मध्ये चिऊ आणि डॉली त्याच खोलीत, त्याच कॅसेटसमोर बसतात. त्यांनाही जाणून घ्यायचं आहे. मुलीला कुतूहल असतं, तिचंही शरीर जागं होत असतं, एवढी साधी गोष्ट मराठी पडद्यावर विनोदाच्या सुरात आली आणि कोणी दगड मारले नाहीत. आमच्या शिबिरातल्या मुली सर्वांत मोठ्याने कुठे हसल्या असतील तर तिथे. ते सुटकेचं हसू होतं असं मला वाटलं.

एवढं मान्य करून आता त्या नववीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

सगळी गोष्ट ज्योतीताईपासून सुरू होते, पण गोष्ट तिच्या मागे जात नाही. ती गेली म्हणून मुलांना प्रश्न पडला. प्रश्न पडला म्हणून विशू आला, विशू आला म्हणून कॅसेट आली, आणि कॅसेट आली म्हणून आपण हसलो. मुलांना शेवटी 'शेण खाणं' म्हणजे काय ते कळतं. पण जिला चाळ सोडावी लागली तिचं पुढे काय झालं, तिला कोण भेटायला गेलं, हे आपण विचारतच नाही. दिग्दर्शकाला दोष देऊन मोकळं होण्यासाठी मी हे लिहीत नाही. गोष्ट मुलांची आहे, तिच्या मर्यादेत ती प्रामाणिक आहे. पण पाहणारे आपण तर मुलं नाही.

मी स्वतः गिरणगावातल्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावरही एक ताई होती. तिचं नाव लिहीत नाही. ती मला गणित शिकवायची. मी सातवीत असताना एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. नळावर बायका हळू आवाजात बोलत होत्या, आणि मी बादली घेऊन गेले की थांबत होत्या. आईला विचारलं तर तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. 'शेण खाल्लं' हे शब्द मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकले. ज्याच्यामुळे हे झालं तो शेजारच्याच चाळीत राहत होता. पुढच्या गणपतीत तो मंडपात आरतीला उभा होता, टाळ वाजवत. त्याने काही खाल्ल्याचं कोणी म्हटलं नाही. गणित शिकवणारी ताई मला पुन्हा कधीही दिसली नाही. मला पाळी आली तेव्हा आईने सांगितलं ते एवढंच, "आता जपून राहा, तिच्यासारखं करू नकोस."

म्हणजे माझं लैंगिक शिक्षण त्या एका वाक्यात आटोपलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींचं असंच झालं असणार. प्रत्येक चाळीत, वाड्यात, गावात एक ज्योतीताई होती, आणि तिच्या जाण्यातून बाकीच्या मुलींना धडा मिळत होता. मुलांना कॅसेट शिकवत होती, तर आम्हा मुलींना ते बंद दार.

आपल्या भाषेकडे पाहा. शेण खाल्लं, तोंड काळं केलं, पाय घसरला, नाक कापलं. तोंड, पाय आणि नाक यांतलं काही ना काही बाईचंच. पुरुषाच्या बाबतीत 'चूक झाली' असं म्हणतात, तेही चारचौघांत नाही. शेणाने घर सारवते ती बाई, गोवऱ्या थापते ती बाई. मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर पुण्याच्या रस्त्यात फेकलं तेही शेणच. 'बालक-पालक'ने हा वाक्प्रचार पडद्यावर आणून मुलांच्या तोंडून 'म्हणजे काय' असं विचारून घेतलं हे चांगलंच झालं. पुढचा प्रश्न आपण विचारायचा. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीचं शेण एकीच्याच तोंडी का?

कॅसेटबद्दलही थोडं बोलायला हवं. सिनेमाचं म्हणणं असं की मोठ्यांनी सांगितलं नाही तर मुलं विशूकडे जातील. हे शंभर टक्के खरं आहे. आता विशूही लागत नाही, मोबाइल पुरतो. पण 'या वयात असं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही' एवढ्यावर आपलं समाधान झालं तर काम अर्धंच राहतं. त्या कॅसेटमध्ये बाईला काय हवं आहे हे कोणी विचारत नाही. ती 'नाही' म्हणत नाही, आणि म्हटलं तरी त्याचा अर्थ 'हो' असतो. शरीर कसं चालतं हे मुलांना चुकीचं कळतं, हा झाला एक तोटा. बाई म्हणजे काय हे चुकीचं कळतं, हा दुसरा आणि मोठा. पहिला तोटा आकृतीने भरून निघतो. दुसरा भरून काढायला 'तिची इच्छा' हा शब्द मुलग्यांपर्यंत पोहोचवावा लागतो. 'बालक-पालक' आला तेव्हा दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेला तीन आठवडेही झाले नव्हते. २३ जानेवारी २०१३ ला न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला, आणि त्यात कायद्याच्या सुधारणांबरोबर शिक्षण आणि दृष्टिकोन यांवर स्वतंत्र प्रकरण होतं. फाशीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, ते प्रकरण फार थोड्यांच्या.

आणि हा प्रश्न काही आजचा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना लोक खुळचट म्हणत असताना मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या, हेही आपण विसरू नये. स्त्रीलाही कामेच्छा असते हे मराठीत इतक्या स्पष्टपणे लिहिलं गेलं त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. असा वारसा असलेल्या महाराष्ट्रात २००७ साली काय झालं? केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांमध्ये नको म्हणून विधानसभेत गदारोळ झाला आणि तो थांबवला गेला. 'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही' असं कारण दिलं. म्हणजे कर्वे या संस्कृतीतले नव्हतेच!

आता समजा, ज्योतीताई आजची आहे. तिच्यासाठी काय बदललं?

कायदा बदलला, हे नक्की. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' यांच्यासाठी होतं. ऐंशीच्या दशकातल्या ज्योतीताईला कायदेशीर वाट अगदीच नव्हती असं नाही, पण दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न नवऱ्याच्या नावाचा असायचा. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबतही लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. हे आपल्या प्रत्येक गटात पाठ असायला हवं.

दुसरीकडे १४ नोव्हेंबर २०१२ पासून बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 'पॉक्सो' कायदा लागू झाला. अत्यंत गरजेचा कायदा, आणि तो यावा म्हणून आपल्यातल्या अनेकींनी घाम गाळला आहे. पण त्याने संमतीचं वय सोळावरून अठरावर गेलं. सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं आपखुशीने जवळ आली तरी तो आता गुन्हा आहे, आणि कळलं की पोलिसांत कळवणं डॉक्टर, शिक्षक, कार्यकर्ती सगळ्यांवर बंधनकारक आहे. म्हणून मुलगी दवाखान्यात जायला घाबरते, आणि आमच्याकडेही यायला घाबरते. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की अशा अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना उघड करण्याची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे? आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन विचारून पाहा.

तेव्हा चाळ सोडावी लागत होती, आज लग्न लावून देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. यामागे गरिबी आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, शाळा लांब असणं आहे. आणि 'तिने काही करण्याआधी' ही धास्तीही आहे. जातीबाहेरचा मुलगा असेल तर धास्तीचं काय होतं हे आपण जाणतो. 'फँड्री' थिएटरात लागला त्याच वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारून टाकण्यात आलं. 'बालक-पालक'च्या चाळीत ही भीती नाही. तिथे चूक झाली तर ओरडा बसतो, मग काका समजावतात. ज्यांच्या वयात येण्याला जातीचा पहारा आहे, त्यांना असं विनोदी बालपण मिळत नाही, हे सिनेमा पाहताना लक्षात असू द्यावं.

आता शेवटची गोष्ट. ती लिहायला जड जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच किशोरी गटातली एक मुलगी सोळाव्या वर्षी एका मुलाबरोबर दिसू लागली. हुशार, भाषण करणारी, मोर्च्यात पुढे असणारी. तिची आई रडत माझ्याकडे आली. मी त्या मुलीला बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आता अभ्यासाकडे लक्ष दे." तिला काय वाटतं, तो मुलगा कसा आहे, तिला काळजी घेण्याविषयी काही माहीत आहे का, यातलं एकही मी विचारलं नाही. ती मान खाली घालून निघून गेली, आणि पुन्हा गटात आली नाही. सहा महिन्यांनी तिचं लग्न झालं, दुसऱ्याच मुलाशी, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्हाला पत्रिकाही नव्हती. 'शेण खाल्लं' हे शब्द मी उच्चारले नव्हते. पण तिने ते ऐकले असणार.

पाळीवर आपण आता मोकळेपणी बोलतो. हिंसेवर बोलतो, कायद्यावर बोलतो. मुलीच्या इच्छेवर बोलायची वेळ आली की आपल्यातल्या भल्याभल्या कार्यकर्त्या चाळीतल्या काकू होतात. धोका सांगणं आपल्याला जमतं, आनंद सांगता येत नाही. म्हणून तो सिनेमा दोनदा पाहूनही ज्योतीताई मला दिसली नाही. मला तिला पाहायचं नव्हतं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला. मुलींचे पाच गट केले आणि सांगितलं, ज्योतीताई कुठे गेली ते तुम्हीच ठरवा आणि करून दाखवा. एका गटात ती आत्याच्या गावी गेली आणि तिथे शिवण शिकली. एका गटात ती विहिरीवर गेली. सगळ्या गप्प झाल्या. एका गटात तिची आईच दार उघडून नळावर आली आणि बायकांना म्हणाली, "माझी मुलगी घरात आहे. जिला विचारायचंय तिने तिलाच विचारा." हे काम करणारी मुलगी ते वाक्य म्हणताना रडली. मागे बसलेल्या आयांपैकी एक उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

तुमच्या गटात हा सिनेमा जरूर दाखवा. मुलींबरोबर मुलग्यांनाही दाखवा, आयांबरोबर बापांनाही. पोटभर हसू द्या. मग दिवे लावल्यावर विशूबद्दल बोलून झालं की हा एक प्रश्न विचारा. कोणत्या गटाने काय उत्तर दिलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती उत्तरं छापू. आणि तुमच्या चाळीतली, वाड्यातली, गावातली कोणी ताई अजून आठवत असेल, तर तिच्याबद्दलही लिहा. नाव नको. ती कशी होती, तुम्हाला काय शिकवायची, एवढं पुरे.